दुसऱ्या खर्ड्याची बाजू



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं आधी भाषेच्या भवितव्याची काळजी करायची, मग सरकारकडे चार मागण्या मांडायच्या आणि शेवटी वाचनसंस्कृतीवर यायचं, हा रिवाज मला माहीत आहे. त्या काळज्या खोट्या नाहीत आणि मागण्याही रास्त आहेत. पण त्यांवर माझ्याहून अधिकारानं बोलणारी माणसं उद्याच्या परिसंवादांत आहेत. मी कादंबऱ्या लिहिते. आज एवढ्या लेखकांसमोर बोलायची संधी मिळालीच आहे, तर आमच्या कामाविषयी बोलते. मोठी गोष्ट रचायची कशी, आणि लिहून झाली असं वाटल्यावर ती पुन्हा लिहायची कशी, एवढाच माझा विषय आहे.

आपल्याकडे कादंबरीकाराची मुलाखत सुरू झाली की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो : 'किती दिवसांत लिहिलीत?' आकडा जितका लहान, तितक्या टाळ्या जास्त. 'सहा वर्षं लागली, चारदा लिहिली' असं कुणी म्हणालं, तर सभागृह गप्प होतं. बिचाऱ्याला जमत नसावं, अशी एक दया त्या शांततेत असते. एकटाकी लिहिलेलं तेवढं अस्सल आणि खाडाखोड केलेलं म्हणजे कारागिरी, हा समज आपल्यात इतका मुरला आहे, की चारदा लिहिणारे लेखकसुद्धा चारचौघांत ते कबूल करत नाहीत.

या समजाला दोन थोर पुस्तकांचा आधार दिला जातो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली. आणि भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' पंचविशीत, अगदी थोड्या दिवसांत हातावेगळी केली. ती देशमुख आणि कंपनीनं १९६३ साली काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कार्यशाळेतल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात त्या दाखल्यासारख्या असतात. 'मॅडम, कोसला तर...' असं त्यानं म्हटलं की पुढचं मला पाठ आहे.

तर आधी हे दाखले तपासून पाहू. 'श्यामची आई'त आश्रमातले मित्र संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. अशा बेचाळीस रात्री. ही एक योजना किती कामं करते ते पाहा. प्रत्येक आठवण आपल्यापुरती पुरी होते, त्यामुळे दोन आठवणींमधला काळ भरून काढायची जबाबदारी लेखकावर राहत नाही. सांगणारा मोठा झालेला श्याम आहे, म्हणून लहानपणीचा हट्ट आणि त्यामागचं आईचं शहाणपण एकाच वाक्यात येऊ शकतं. समोर ऐकणारे बसलेले आहेत, म्हणून बोली भाषा आपोआप साधी राहते. आणि आईचं जाणं अखेरच्या रात्रींकडे सरकत येतं, हे वाचकाला कुणी न सांगता कळत राहतं. हा सांगाडा हाती असल्यावर पाच दिवस पुरतात. गोष्टी तर गुरुजींच्या मनात जन्मभर होत्याच.

'कोसला'चंही तसंच. गाव, पुणे आणि पुन्हा गाव हा फेरा, सांगणारा एकच, पांडुरंग, आणि सहा भागांत सतत बदलणारी चाल. टिंगलीच्या सुरात धावणारं निवेदन धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी एकदम गार पडतं. पुढे पांडुरंग पुन्हा विनोद करू लागला, तरी वाचक तसा हसत नाही. हे वेगाचं भान आहे, आणि ते कवितेतून, वाचनातून, लघुनियतकालिकांच्या वातावरणातून आधी कमावलेलं होतं. ते दिवस मोजायचेच नाहीत, असं आपण का ठरवलं? शिवाय त्याच लेखकाची 'हिंदू' ही कादंबरी वाचकांच्या हाती पडली २०१० साली. ती येणार, येणार असं नुसतं ऐकत आमची एक पिढी प्रौढ झाली. तो दाखला मात्र कुणी खिशात ठेवत नाही.

घाईचं खरं मूळ प्रतिभेत नाही, व्यवहारात आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यात क्रमशः येत राहिली. या आठवड्याचा मजकूर छापून गेला की तो गेला. पंधराव्या प्रकरणात काही सुचलं म्हणून तिसरं प्रकरण बदलायची सोय नाही. हरिभाऊ त्यातून तरले, कारण नायिका यमूच्या तोंडून तिचीच कहाणी सांगायची योजना त्यांना धरून ठेवत होती. माणूस आपलं आयुष्य सांगताना मागेपुढे जातो, आधी राहिलेलं नंतर सांगतो, आणि ते खपून जातं. पण त्यांची 'गणपतराव' अपुरीच राहिली. हप्त्यांनी लिहिण्याची ती किंमत होती आणि मराठी कादंबरीनं ती सुरुवातीपासून मोजली आहे.

पुढे दिवाळी अंक आले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. या प्रथेनं मराठी कथेचं केवढं भलं केलं ते मी सांगायला नको. पण कादंबरीचं काय झालं, ते आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. आषाढात संपादकांचा फोन येतो. 'साठ-सत्तर पानं द्या, लघुकादंबरी म्हणून लावू.' गणपती बसायच्या आत मजकूर हवा असतो. दिवाळीत तो छापून येतो, चार लोक फोन करतात, आणि देवदिवाळी उलटली की प्रकाशक म्हणतो, 'पुस्तक करू या, पण फर्मे कमी पडतायत. जरा वाढवा.' एक फर्मा म्हणजे सोळा पानं. लेखक सहा फर्म्यांची कादंबरी अकरा फर्म्यांची करायला बसतो. मग त्यात आजोबांची हकिगत येते, एक स्वप्न येतं, एक लांबलचक रेल्वेप्रवास येतो, आणि जिथे काहीच सुचत नाही तिथे पाऊस येतो. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावं तसा हा प्रकार आहे. आणि गंमत म्हणजे याला 'पुनर्लेखन' म्हणतात. मनोगतात तसं छापलेलंही असतं.

लांबी गोष्टीनं ठरवायची की फर्म्यानं, यावर एक सरळ उत्तर गौरी देशपांड्यांनी १९८० साली देऊन ठेवलं आहे. 'एकेक पान गळावया' या पुस्तकात तीन लघुकादंबऱ्या शेजारीशेजारी आहेत. एकीलाही ताणलेलं नाही. तिन्ही मिळून पुस्तक भरतं. हा मार्ग उघडा असताना आपण साठ पानांच्या चांगल्या ऐवजाचं पावणेदोनशे पानांचं वाईट पुस्तक का करतो, हे मला कळत नाही.

आता रचनेकडे येते. रचना म्हणजे कथानक नव्हे. काय घडतं ते कथानक. ते कुठून सांगायला लागायचं, कुणी सांगायचं, कोणती गोष्ट किती वेळ दाबून ठेवायची आणि कुठे थांबायचं, ही रचना. कथानक दोन ओळींत सांगता येतं. रचना सांगायला पुस्तकच वाचावं लागतं.

माझ्या मते मराठीत रचना शिकायची तर पहिलं पुस्तक 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. तिच्याविषयी आपण भाषा, माणदेश, धनगरांचं जीवन असं पुष्कळ बोलतो आणि ती 'सहज' लिहिली आहे असं म्हणून मोकळे होतो. ती सहज वाचता येते, हे खरं. पण पाहा : औंध संस्थानातला एक तरुण मास्तर वाडीवर येतो आणि शेवटी वाडी सोडतो. बाहेरून आलेला माणूस निवेदक असल्यामुळे वाचकाला जे माहीत नाही ते त्यालाही माहीत नसतं. कारभारी कोण, रामोशी कोण, कोण कुणाशी बोलत नाही, हे दोघांना बरोबरच कळत जातं. एकही पान 'माहिती' देण्यात खर्च होत नाही. मग सुटे सुटे प्रसंग येतात. पहिल्या वाचनात वाटतं, ही तर व्यक्तिचित्रं ओवली आहेत. पण मधूनच तालीम बांधायची टूम निघते, आणि हे सुटे लोक एका कामाला लागतात. दगड, माती, लाकूड, रुसवेफुगवे. कादंबरीला कणा मिळतो तो इथे. आणि तालीम उभी राहिल्यावर दुष्काळ येतो.

शेकूची बायको आठवा. जोडीतला एक बैल नाही, म्हणून ती बैलाच्या शेजारी स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग दुसऱ्या कुणा लेखकाच्या हाती असता तर त्यानं तो शेवटी टाकला असता, दुष्काळाचा कळस म्हणून. माडगूळकर तो दुष्काळाच्या आधी, नेहमीच्या दिवसांत ठेवतात. वाडीची रोजची गरिबीच एवढी आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर पुढच्या दुष्काळाला विशेषणं लागत नाहीत. वाडी ओस पडते आणि लेखक आवाज चढवत नाही. प्रसंग कुठे ठेवला यानं त्याचं वजन ठरतं, याचा एवढा चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. सव्वाशे-दीडशे पानांत हे सगळं बसतं.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) रचनेचं निम्मं काम बोट करते. युरोपातून मुंबईला निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात. बोटीवरून कुणाला उतरता येत नाही, आणि मुंबई आली की त्याला उतरावंच लागणार, ज्यू निर्वासित म्हणून तिला पुढे जावंच लागणार. शेवट पहिल्या दिवसापासून नकाशावर दिसतो आहे. आता लेखकानं उत्कंठा वेगळी निर्माण करायची गरजच उरत नाही. तो सगळं लक्ष दोन माणसांवर देऊ शकतो.

'मृत्युंजय'कडे अभ्यासक जरा नाक मुरडून पाहतात. मी तसं पाहत नाही. शिवाजी सावंतांपुढे १९६७ साली एक अगदी तांत्रिक अडचण होती : कर्णानं स्वतः बोलायचं, आणि कर्ण तर मरणार. मग रणभूमीवरचा शेवट सांगायचा कुणी? त्यांनी पुस्तकाचे नऊ भाग केले. चार कर्णाला दिले. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना एकेक दिला, आणि कृष्ण शेवटी ठेवला. ज्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि ज्यानं ते घडू दिलं, त्याच्याच तोंडी शेवट. भाषा अलंकृत आहे, जागोजागी ती मला जड होते. पण ही मांडणी करणाऱ्याला रचना कळत होती, यात वाद नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच 'मी'ला बोलायला लावून शेवटच्या पानावर त्याला मारणारी हस्तलिखितं माझ्याकडे आजही येतात. 'मग हे लिहिलं कधी?' असं विचारलं तर लेखक दुखावतात.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' किंवा श्री. ना. पेंडशांचा दोन खंडांचा 'तुंबाडचे खोत' यांवर बोलायचा मोह होतो. पहिलीत काळाचे तुकडे मुद्दाम विसकटलेले, दुसऱ्यात चार पिढ्या जगबुडी नदीच्या काठानं क्रमानं चाललेल्या. दोन्हींत शिस्त आहे, एवढं सांगून पुढे जाते, कारण मला एका न छापलेल्या पुस्तकाविषयी बोलायचं आहे.

काही काळापूर्वी मराठवाड्यातल्या एका तरुणानं त्याच्या कादंबरीचं हस्तलिखित मला वाचायला दिलं. विषय ऊसतोडीचा. साडेतीनशे पानं, आणि लिहिणाऱ्यानं स्वतः फडात दिवस काढलेले. पहिली पाऊणशे पानं गावाचा इतिहास होती : निजामाची राजवट, रझाकार, बहात्तरचा दुष्काळ. मग नायिकेचा जन्म, शाळा, लग्न. शंभर पानं उलटल्यावर कुठे तरी मुकादम आगाऊ मजुरीची उचल द्यायला येतो. ओट्यावर बसून तो नोटा मोजतो, सासरा कागदावर अंगठा उठवतो. आत भाकरी थापणाऱ्या सुनेच्या कानावर आकडा पडतो आणि तिचा हात थांबतो. तिला कळतं, हा आकडा एकट्या नवऱ्याचा नाही. पूर्ण कोयत्याचा, नवरा-बायकोच्या जोडीचा आहे, म्हणजे त्यात आपणही धरलेलो आहोत. तिला कुणी विचारलेलं नाही. परातीतली भाकरी तशीच राहते. एवढं लिहून लेखक पुढे गेला होता. तीन ओळी!

मी त्याला म्हटलं, तुझी कादंबरी इथे सुरू होते. तो रागावला. इतिहासावर त्यानं दोन वर्षं मेहनत घेतली होती, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं होतं. मी म्हटलं, इतिहास टाकू नकोस, पण तो कुणाला तरी सांगायची गरज पडेपर्यंत थांब. दोन महिने त्याचा फोन नव्हता. मग नवा खर्डा आला. पहिल्याच पानावर मुकादमाच्या बोटांत नोटा. बहात्तरचा दुष्काळ आता कोपीत, रात्री, ट्रक भरायची वाट बघत बसलेल्या सासूच्या तोंडी आला होता. ती खडी फोडायला गेली होती त्याची मजुरी आणि आताची उचल यांचा मेळ घालत ती बोलते, आणि सून ऐकते. तोच मजकूर, पण आता त्याला ऐकणारा कान होता, आणि त्या कानावर त्याचा परिणाम होत होता.

शेवटाचंही तेच झालं. पहिल्या खर्ड्यात नायिका सरपंच झाली होती. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, 'आशादायी पाहिजे ना, मॅडम.' पण हंगामानंच त्याला शेवट देऊन ठेवला होता. उचलीपासून सुरू झालेली गोष्ट पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत जाते. पट्टा पडला, टोळी परत निघाली, मुकादमानं हिशेब केला आणि अंगावर बाकी राहिली. ती बाकी पुढच्या सालच्या उचलीत धरली जाणार. दुसरा खर्डा त्या हिशेबाच्या चिठ्ठीपाशी थांबला. साडेतीनशेची दोनशे दहा पानं झाली. दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपणारा हंगाम, हा घाट त्या जगण्यातच होता. तो बाहेरून आणायचा नव्हता, फक्त त्याच्या वाटेतला पसारा उचलायचा होता. पुनर्लेखन म्हणजे मला बहुतेक वेळा एवढंच दिसतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेनं १९५७ साली लिपिंकॉट या प्रकाशनसंस्थेकडे एक हस्तलिखित दिलं. मोठी झालेली मुलगी गावी परतते, वडिलांशी तिचे तीव्र मतभेद होतात, आणि मधूनमधून तिला लहानपण आठवतं. संपादिका टे होहॉफ यांना जीव त्या आठवणींत दिसला. पुढची दोन-अडीच वर्षं लीनं ती कादंबरी पुन्हा पुन्हा लिहिली. गावी परतलेली बाई गेली, तिच्या जागी लहान मुलगी स्वतः बोलू लागली. जुन्या खर्ड्यात ओझरता आलेला एका काळ्या माणसावरचा खटला नव्या पुस्तकाच्या मध्यभागी आला, आणि जुन्या खर्ड्यात सुटलेला तो आरोपी नव्यात दोषी ठरला. १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. तो जुना खर्डा २०१५ मध्ये 'गो सेट अ वॉचमन' नावानं छापला गेला. तो तसा छापायला हवा होता का, हा वाद चालू राहील. पण ज्यांना कादंबरी लिहायची आहे त्यांनी ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत. एवढी उघडी कार्यशाळा दुसरी नाही.

पुनर्लेखनात आपण एक क्रम हमखास उलटा लावतो. पहिल्या पानापासून सुरुवात करून वाक्यं घासत बसतो. दर खेपेला पहिल्यापासून. परिणाम असा, की सुरुवातीची तीस पानं आरशासारखी लखलखतात आणि उत्तरार्ध कच्चाच राहतो, कारण तिथे पोचेपर्यंत दम संपलेला असतो. शिवाय पुढे जे प्रकरण मुळातच काढून टाकावं लागणार आहे, त्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर आठ दिवस जातात. आधी हाडं पाहावीत, मग प्रसंग, मग वाक्य. शुद्धलेखन अगदी शेवटी, मुद्रितांच्या वेळी.

मी स्वतः प्रत्येक प्रकरणासाठी एका कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिते : या प्रकरणाअखेर कुणाची परिस्थिती बदलली, किंवा कुणाला काय नव्यानं कळलं? ओळ लिहिता येत नसेल, तर त्या प्रकरणात बहुधा फक्त चांगली भाषा असते. आपल्या प्रत्येकाकडे पावसाचं एक वर्णन असतं, ते काढताना जीव जातो. काढावं. दुसऱ्या कागदावर काळाचा हिशेब ठेवते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. श्रावणात हुरडा खाणारी माणसं मला हस्तलिखितांत भेटली आहेत. चौदा महिने पोटुशी असलेली नायिका पाहिली आहे, आणि १९९३ सालच्या प्रकरणात मोबाइल वाजलेला ऐकला आहे. वाचक हे पकडतो. तो पत्र लिहीत नाही, पण त्याचा विश्वास तिथे तुटतो.

आणि मोठ्यानं वाचावं. संवाद तर वाचावेतच. आजकाल अनेक जण फोनवर बोलून मजकूर उतरवतात, संगणकावर परिच्छेद उचलून इकडचे तिकडे ठेवतात. सोय मोठी आहे, मी ती नाकारत नाही. पण उचलून ठेवलेला परिच्छेद नव्या जागी परका राहतो. त्याच्या आधी काय कळलेलं आहे आणि काय नाही, हे बदललेलं असतं. तो तिथे पुन्हा लिहावाच लागतो. फुलस्केप तावांवर लिहिणाऱ्या पिढीला दुसरा खर्डा हातानं उतरवून काढावा लागे, आणि उतरवताना कंटाळा आला की तो भाग आपसूक लहान होई. कंटाळा हा चांगला संपादक होता.

खऱ्या संपादकांविषयीही बोललं पाहिजे. गिरगावात खटाववाडीतल्या 'मौज'मध्ये श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या मजकुरावर जे काम केलं, ते आता आख्यायिकेसारखं सांगितलं जातं. समासात टिपा, लांब पत्रं, 'हे पुन्हा पाहाल का?' अशी मृदू पण न हटणारी विचारणा. त्या परंपरेचे गोडवे गाताना १९६९ साली तरुण लेखकांनी 'मौज'च्याच 'सत्यकथा' मासिकाचा अंक जाळला होता, हेही विसरू नये. तो राग निव्वळ नाकारलेल्या साहित्याचा नव्हता. कोणाची भाषा प्रमाण, कोणाचं जगणं साहित्याला योग्य, आणि हे ठरवणारे तुम्ही कोण, असा तो प्रश्न होता. आजच्या संपादकालाही तो लागू आहे. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी कुणी 'सुबोध' करायला घेतली असती, तर तिची नायिका कौतिक हिचं काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा. संपादकानं घाटावर बोट ठेवावं, बोलीवर कात्री चालवू नये. पण 'माझी बोली आहे, हात लावू नका' म्हणून दोनशे पानांचा पाल्हाळ वाचवायलाही बोलीची ढाल वापरू नये. हे दुसरं मी अलीकडे जास्त पाहते.

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. त्यानंतर संपादक गेले आणि मुद्रितशोधक उरले, आता काही ठिकाणी तेही उरलेले नाहीत. लेखकानं फाइल पाठवायची, तिची पानं लावायची, मुखपृष्ठ करायचं, प्रकाशन समारंभ. मधली पायरीच नाहीशी झाली. प्रकाशक म्हणतात, परवडत नाही. शे-पाचशे प्रतींच्या आवृत्तीत संपादकाचं मानधन कुठून काढायचं? अडचण खरी आहे. पण मुखपृष्ठाच्या चित्राला मानधन असतं, समारंभाच्या चहापाण्याला पैसे असतात, शाल-श्रीफळ असतं. कादंबरी वाचून तिच्यावर चार पानांचं टिपण देणाऱ्या माणसाला मात्र आपण 'जरा नजर घाला ना' म्हणून फुकटात राबवतो.

म्हणून माझ्या मागण्या सरकारकडे नाहीत, आपल्याच मंडळींकडे आहेत. प्रकाशकांनी कादंबरीच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकाराबरोबर संपादकाचंही नाव छापायला सुरुवात करावी, आणि त्याला पैसे द्यावेत. नाव छापलं की जबाबदारी येते. दिवाळी अंकांच्या संपादकांनी लघुकादंबरीसाठी लेखकाला आषाढात न सांगता आदल्या माघात सांगावं. साहित्य संस्थांनी दरवर्षीच्या एका परिसंवादाचे पैसे बाजूला काढून चार-पाच निवडक हस्तलिखितांवर आठवडाभराची निवासी कार्यशाळा घ्यावी. व्याख्यानं नकोत, पानं समोर ठेवून बोलायचं. आणि ज्या ज्येष्ठ लेखकांचे खर्डे घरात, माळ्यावर, ट्रंकांत पडून आहेत, त्यांच्या कुटुंबीयांना माझी विनंती, की ते रद्दीत घालू नका, एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्या. छापील पुस्तकात खोडलेली ओळ दिसत नाही. नव्या लेखकाला तीच पाहायची असते.

शेवटी एक विनंती मंडपातल्या कादंबरीकारांना. तुमच्यापैकी काही जणांच्या पिशवीत या क्षणी हस्तलिखित आहे आणि दुपारी ते ग्रंथप्रदर्शनातल्या कुठल्या तरी गाळ्यावर द्यायचा बेत आहे, हे मला माहीत आहे. तो बेत आज रद्द करा. पुस्तकं विकत घ्या, हस्तलिखित घरी परत न्या, पाडव्यापर्यंत उघडू नका. मग पेन बाजूला ठेवून एकदा सलग वाचा, आणि दुसरा खर्डा लिहायला बसा.